प्रकल्प नोंदी: 'ऑम्फलॉस'चं कार्ड

२ जून

यादीतला एकेचाळिसावा शब्द, ऑम्फलॉस. प्रकल्पाचा साचा ठरलेला आहे. वाचताना अडवणारे पण रोज न लागणारे इंग्रजी शब्द घ्यायचे, प्रत्येकाला एक कार्ड, आणि त्या कार्डावर उच्चार, अर्थ, मूळ, एक वापर आणि मराठी प्रतिशब्द, सगळं दीडशे शब्दांत. कच्चं कार्ड लिहून झालं: "केंद्रस्थान, मध्यबिंदू. मूळ ग्रीक, मूळ अर्थ बेंबी." वेळ २० मिनिटं. उद्या बेचाळिसावा.

३ जून

बेचाळिसावा राहिला. संपादक ताईंनी कार्ड परत पाठवलंय, वर पेन्सिलीने एकच ओळ: "मग सेंटरमध्ये आणि ह्यात फरक काय?"

प्रश्न बरोबर आहे, म्हणून जास्त चिडचिड झाली. वापराच्या चिठ्ठ्या पुन्हा टेबलावर पसरल्या. वर्तुळाचा मध्य, तराजूच्या दांडीचा मध्य, पेठेचा मध्यभाग, अशा कुठल्याच अर्थाने हा शब्द एकाही चिठ्ठीवर नाही. जिथे जिथे आलाय तिथे कुणीतरी एखाद्या जागेला जगाचं मूळ ठिकाण म्हणतंय, निदान थट्टेने तरी. म्हणजे मोजमापाचा शब्द हा नव्हेच. दावा करणाऱ्याचा शब्द आहे.

सगळ्या वाटा ग्रीसमधल्या डेल्फीला जातात. पार्नासस डोंगराच्या उतारावर अपोलोचं मंदिर, तिथे भविष्य सांगणारी पुजारीण पिथिया, आणि मंदिरात एक घुमटाकार दगड. त्या दगडाचं नाव ऑम्फलॉस, म्हणजे बेंबी. गोष्ट अशी की पृथ्वीचा मध्य शोधायला झ्यूसने दोन टोकांकडून दोन गरुड सोडले आणि ते डेल्फीवर भेटले. काही जण गरुडांऐवजी हंस म्हणतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पाउसानियास हा ग्रीक प्रवासी तिथे हिंडला, त्याने दगड पांढरा होता असं लिहून ठेवलंय, आणि हा पृथ्वीचा मध्य आहे असं 'डेल्फीचे लोक म्हणतात' अशी पुस्तीही जोडलीय. आज डेल्फीच्या संग्रहालयात जो संगमरवरी ऑम्फलॉस आहे ती नंतरच्या काळातली प्रतिकृती. त्याच्यावर लोकरीच्या पट्ट्यांची जाळी कोरलेली आहे. खऱ्या दगडाला लोकर गुंडाळत असत, प्रतिकृतीत तीच दगडात उतरवली.

४ जून

दगडाचा उपयोग काय होता, हे एस्किलसच्या 'युमेनिडीस' नाटकात दिसतं (इ.स.पू. ४५८). पिथिया सकाळी मंदिरात शिरते आणि लगेच भीतीने रांगत बाहेर येते. आत ऑम्फलॉसपाशी एक माणूस बसलाय, हातांवर रक्त आहे, तलवार नुकतीच उपसलेली. तो ऑरेस्टिस, आईचा खून करून आलेला. मध्य शोधायला तो आलेला नाही. धरायला काहीतरी हवं म्हणून आलाय. कार्डासाठी हे उदाहरण सगळ्यात चांगलं, पण लांब होईल.

प्लुटार्कचं सांगितल्यावाचून राहवत नाही. हा गृहस्थ स्वतः डेल्फीचा पुजारी. देवांचे कौल आता बंद का पडू लागलेत, या विषयावरच्या त्याच्या संवादाची सुरुवातच गरुड-हंसांच्या गोष्टीने होते. पुढे तो म्हणतो, आमच्या काळातही जगाच्या दोन टोकांकडून दोन सज्जन येऊन इथे भेटले. एक ब्रिटनहून आपल्या गावी तार्ससला परत चाललेला व्याकरणकार, दुसरा इजिप्तकडून फिरून आलेला स्पार्टाचा माणूस. पाखरांच्या जागी माणसं घालून मिथक पुन्हा खेळवलंय, आणि हे करताना गालातल्या गालात हसतोय.

त्याच पानावर क्रीटचा द्रष्टा एपिमेनिडीसही आहे. त्याने ही गोष्ट खरी की खोटी हे थेट देवालाच विचारलं आणि गोलमोल उत्तर मिळालं. मग तो म्हणाला की पृथ्वीला किंवा समुद्राला मधली बेंबी अशी नाहीच, आणि असलीच तर ती देवांना ठाऊक, माणसांपासून लपलेली. यावर प्लुटार्कचा शेरा: चित्राला बोट लावून बघावं तसं हा माणूस जुन्या कथेला चाचपायला गेला, म्हणून देवाने हात झटकला असावा.

बोट लावून बघणं हाच आमचा धंदा आहे. असो.

६ जून

व्युत्पत्ती. मूळचा आडाखा होता की ऑम्फलॉस आणि आपली नाभी हे दोन शब्द दिसायला इतके वेगळे आहेत की नातं सांगणं कार्डावर अवघड जाईल. तसं झालं नाही. दोनच गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली: संस्कृतात जिथे भ, तिथे ग्रीकमध्ये फ. भरामि आणि फेरो. भ्राता आणि फ्रातेर. दुसरी: या मुळातला स्वर कधी न च्या पुढे बसतो, कधी मागे. पुढे बसला की ना-भि. मागे बसला की ओम्-फ, कारण फ च्या आधी आलेला न ओठ मिटवून म होतो. 'ऑम्फलॉस' सावकाश म्हणून पाहिलं: ओठ म वर मिटतात आणि फ वर उघडतात. 'नाभी'त जीभ आधी दातांमागे टेकते. शरीराचा एकच भाग, एकच मूळ, फक्त तोंडाने वाट बदललेली.

लॅटिन उंबिलिकस या दुसऱ्या वाटेचा. इंग्रजी नेव्हल, जर्मन नाबेल आणि फारसी नाफ पहिल्या वाटेचे. म्हणजे इंग्रजीकडे एकाच मुळाचे तीन शब्द आहेत: घरचा नेव्हल, लॅटिनमधून घेतलेला उंबिलिकस, आणि ग्रीकमधून, ग्रीक शिकलेल्यांनी आणलेला ऑम्फलॉस. पहिला अंगाचा, दुसरा डॉक्टरांचा, तिसरा मिरवायचा.

८ जून

आज काम थांबवून बराच वेळ नुसती बसून होते.

कार्डावर मी 'केंद्र' हा प्रतिशब्द दिलाय. सहज खात्री करायला गेले. केंद्र हा शब्द ग्रीक 'केंत्रॉन'वरून आलेला. केंत्रॉन म्हणजे टोचायचं टोक, बैल हाकायच्या पराणीची आर. तिथून तो कंपासच्या रुतवलेल्या टोकाकडे गेला आणि तिथून वर्तुळाच्या मध्याकडे. लॅटिनमार्गे तोच इंग्रजी सेंटर झाला आणि ज्योतिषामार्गे तोच संस्कृतात शिरला. पत्रिकेतली १, ४, ७, १० ही केंद्रस्थानं सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या शेजारची पणफर आणि आपोक्लिम ही नावंही ग्रीकच, आणि सातव्या स्थानाचं जामित्रसुद्धा. होरा तर उघडच.

म्हणजे मी काय केलं होतं? एका ग्रीक शब्दाचं मराठी म्हणून दुसरा ग्रीक शब्द देऊन ठेवला होता. आणि ज्याला घरची सख्खी बहीण म्हणता येईल तो 'नाभी' शब्द कार्डावर घेतलाच नव्हता; 'मूळ अर्थ' म्हणून कोपऱ्यात नुसती बेंबी बसवली होती.

ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, मग नाभीच द्या की. इतकं काय?" इतकं काय ते अजून मलाही नीट सांगता येत नव्हतं.

९ जून

उच्चार: ऑम्फलॉस. जोर पहिल्या अक्षरावर. अनेकवचन ऑम्फलॉय. झालं.

११ जून

बेंबी खरंच मध्यावर असते का? शिवणाची टेप घेतली. भिंतीला पाठ लावून, टाचा टेकवून. उंची १६२ सेंटिमीटर, बेंबी जमिनीपासून ९७ वर. मध्य ८१ वर यायला हवा होता. तब्बल १६ सेंटिमीटर वर आहे. दोनदा मोजलं.

मग कळलं की हे भांडण जुनं आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वारो नावाचा रोमन पंडित लॅटिन भाषेवर लिहीत असताना एका जुन्या कवितेच्या ओळीवर अडकतो. त्या ओळीत अपोलोला पृथ्वीची बेंबी राखणारा म्हटलंय. वारो म्हणतो, बेंबी जशी आपल्या मध्यावर तसं डेल्फी पृथ्वीच्या मध्यावर, असं लोक सांगतात, पण यातली दोन्ही विधानं खोटी आहेत. ती जागा पृथ्वीच्या मध्यावर नाही आणि आपली बेंबी माणसाच्या मध्यावर नाही. माणसाचा मध्य बेंबीच्या खाली, जिथून स्त्री की पुरुष हे ओळखू येतं तिथे. टेप नसताना बरोबर सांगितलंय.

त्याच शतकात व्हिट्रुव्हियस हा रोमन वास्तुकार उलट म्हणतो. माणसाला उताणा झोपवा, हातपाय पसरू द्या, कंपासचं टोक बेंबीवर ठेवा, वर्तुळ बोटांना आणि पावलांना टेकेल. १४९० च्या सुमाराला लिओनार्दोने हे चित्र काढलं तेव्हा त्याने दोघांनाही राजी ठेवलं. वर्तुळाचा मध्य बेंबीवर आहे आणि चौरसाचा मध्य वारो म्हणतो तिथे. चित्र हजारदा पाहिलंय. वर्तुळ आणि चौरस एकमेकांपासून सरकलेले आहेत हे आज पहिल्यांदा दिसलं.

हे कार्डावर बसणार नाही. पण 'मध्यबिंदू' हा प्रतिशब्द आज कायमचा खोडला.

१३ जून

चूक. सहाव्या तारखेला पुरवणी म्हणून एक ओळ लिहून ठेवली होती की चर्चच्या मधल्या दालनाला 'नेव्ह' म्हणतात, तोही याच कुळातला. शब्द जुळतो, अर्थ जुळतो, मध्यही जुळतो. आणि सगळं चूक. चर्चचा नेव्ह लॅटिन 'नाविस' म्हणजे जहाजावरून आलाय. आपल्या नौकेच्या कुळातला. एका सहकाऱ्याने पकडलं म्हणून वाचले. इतकं गोड जुळलं की संशय घ्यायचा, हा नियम भिंतीवर लावलेला आहे, माझ्याच अक्षरात.

बेंबीच्या कुळातला नेव्ह वेगळा. तो चाकाचा, ज्यात आरे बसतात आणि आख फिरतो. मराठीत चाकाचा तुंबा म्हणतात तो. संस्कृतात चाकाच्या त्या भागाला नाभीच म्हणतात. छांदोग्य उपनिषदात आरे नाभीत बसवलेले असतात तसं सगळं प्राणात बसवलेलं आहे, असा दाखला आहे.

या चुकीतून एक बक्षीस मिळालं. जुन्या इंग्रजीत तुंब्याला भोक पाडायच्या हत्याराला 'नफूगार' म्हणत. नफू म्हणजे तुंबा, गार म्हणजे भाला. पुढे झिजून झिजून तो 'नॉगर' झाला. मग 'अ नॉगर' म्हणता म्हणता लोकांच्या कानाने न उचलून आधीच्या 'अ'ला चिकटवला आणि झालं 'ॲन ऑगर'. आजही मोठ्या गिरमिटाला इंग्रजीत ऑगर म्हणतात. नेप्रनचा एप्रन असाच झाला. तर ऑगरमध्ये नाभी होती, पण तिचा न नेमका तुटून गेलाय. नाळ कापल्यासारखा, असं लिहिलं होतं. खोडलं. मग ठेवलं.

१४ जून

ऑम्फलोस्केप्सिस, बेंबीकडे टक लावून बसणं: स्वतंत्र कार्ड करायचं नाही, जोडशब्दांत एक ओळ. चौदाव्या शतकात ग्रीसमधल्या ॲथॉस पर्वतावरच्या ख्रिस्ती साधूंना, मान खाली घालून जप करतात म्हणून, बार्लाम नावाच्या विरोधकाने 'बेंबीत आत्मा असलेले' म्हणून हिणवलं होतं, हे ताईंना आवडेल. कार्डावर नको.

१७ जून

वस्तू गोळा केल्या, कारण नुसत्या शब्दांनी मला आता काही सुचेना.

ग्रीक लोक देवाला अर्घ्य सोडायला एक उथळ वाडगा वापरत, फियाले नावाचा. त्याला कान नाही, दांडा नाही, बूड नाही. मध्ये तळातून वर आलेला एक फुगवटा असतो, त्याला ऑम्फलॉस म्हणत. फुगवटा आतून दिसतो तेव्हा शोभेचा वाटतो. वाडगा उलटा केला की कळतं, खालून तिथे खळगा आहे, आणि त्यात मधली बोटं रुततात. अंगठा काठावर, बोटं बेंबीत, आणि भरलेला वाडगा एका हाताने तिरका करता येतो. घरातली एक जुनी, मध्ये ठोकर लागून आत गेलेली ताटली घेऊन करून पाहिलं. खरंच पकड बसते.

ढालीचंही तसंच. होमरमध्ये ढालीच्या मधल्या टेंगळाला ऑम्फलॉसच म्हटलंय. लॅटिनमध्ये त्याला उंबो म्हणतात, याच मुळाचा. ढालीच्या अनेक प्रकारांत त्या टेंगळाच्या मागेच मूठ असते.

रोमच्या फोरम या प्राचीन चौकात 'उंबिलिकस उर्बिस' म्हणजे शहराची बेंबी आहे, विटांचा उरलेला गोल ढिगारा. इस्तंबूलच्या आया सोफियात फरशीवर रंगीत संगमरवरी वर्तुळांचा चौकोन आहे, नाव ऑम्फॅलिऑन; सम्राटांचा राज्याभिषेक तिथे होई असं परंपरा सांगते. तो घुमटाच्या बरोबर खाली नाही, एका बाजूला सरकलेला आहे. आणि युरोपातल्या घराण्यांच्या ढालचिन्हांत तर कमालच. ढालीच्या ऐन मध्याला वेगळं नाव आहे, आणि 'नोंब्रिल', म्हणजे फ्रेंचमध्ये बेंबी, हा बिंदू त्याच्या खाली.

हिब्रू बायबलच्या ग्रीक भाषांतरात यहेज्केलच्या ३८ व्या अध्यायात 'पृथ्वीची बेंबी' आहे आणि शब्द ऑम्फलॉसच. पॅसिफिक महासागरातल्या रापा नुई बेटाचं एक नाव 'ते पितो ओ ते हेनुआ'. पितो म्हणजे बेंबी. तिथले लोक ग्रीकांना भेटले नव्हते. ज्याला त्याला स्वतःच्या पोटावर हे चिन्ह दिसतच होतं.

२० जून

तांत्रिक संज्ञा तपासणारे सर आज बोलले. त्यांचा आक्षेप असा: "नाभी देता येणार नाही. शाळेच्या पुस्तकांत नाभी म्हणजे फोकस. भिंगाची नाभी, नाभीय अंतर, लंबवर्तुळाच्या दोन नाभी. मुलं गोंधळतील."

मी म्हटलं, "सर, पण फोकसला नाभी का म्हणतात?" ते म्हणाले, "ते मला नका विचारू, संज्ञा माझ्या आधीपासून आहे."

फोकस हा शब्द गणितात केप्लरने आणला, १६०४ मध्ये. लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल. १६८७ मध्ये न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' आला. त्यातल्या पहिल्या खंडाचं ११ वं विधान असं: एखादी वस्तू लंबवर्तुळात फिरते आहे, तर लंबवर्तुळाच्या अमुक बिंदूकडे खेचणाऱ्या बलाचा नियम काढा. त्या बिंदूसाठी न्यूटनने लिहिलेला लॅटिन शब्द फोकस नाही. उंबिलिकस आहे. बेंबी.

सरांना ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे आपली पुस्तकं न्यूटनच्या बाजूची."

२१ जून

कालचं डोक्यातून जाईना म्हणून आकडे मांडले. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, सूर्य तिच्या एका नाभीवर. सूर्याजवळ असताना अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर, लांब असताना सुमारे १५ कोटी २१ लाख. फरक ५० लाख. त्याचा निम्मा केला की नाभी केंद्रापासून किती सरकलेली आहे ते मिळतं: साधारण २५ लाख किलोमीटर. कक्षेचं केंद्र नुसतं रिकामं आहे. तिथे काहीही नाही. बांधून ठेवणारं सगळं नाभीवर.

माझी बेंबी १६ सेंटिमीटरने चुकली होती.

ताईंचा पहिला प्रश्न (मग सेंटरमध्ये आणि ह्यात फरक काय?) याचं उत्तर आता देता येईल. केंद्र कंपासने ठरतं, बाहेरून मोजून. नाभी मोजून ठरत नाही. जिथे आपण जोडलेले होतो तिथली ती खूण असते, मग ती मध्यावर असो वा नसो. संस्कृतात सनाभि म्हणजे भाऊबंद, एका नाभीचे. ऋग्वेदाच्या १.१६४ या सूक्तात एक जण विचारतो, भुवनाची नाभी कुठे आहे? पुढच्याच ऋचेत उत्तर येतं: हा यज्ञ हीच भुवनाची नाभी. उत्तर देणारा नकाशातली जागा दाखवत नाही, समोर चाललेलं काम दाखवतो. ऑरेस्टिसही दगडाला धरून बसला तेव्हा ती जागा मध्यावर आहे का हे त्याने तपासलं नसणार.

२३ जून

सरांची तडजोड: 'नाभिस्थान' द्या, म्हणजे भिंगाशी घोटाळा नको. मला 'नाभी'च हवा होता, पण नाभिस्थान कानाला बरं लागतं आणि जागेचा दावा त्यात येतो. मान्य.

ताईंनी 'बेंबीच्या देठापासून' या वाक्प्रचाराची आठवण केली: मराठीत ओरड मनापासून निघाली की ती मध्यातून नव्हे, बेंबीच्या देठातून येते. देठ म्हणजे पुन्हा जोडाची जागा. कार्डाच्या साच्यात बसत नाही, तरी घालतेय. ताईंनीच काढलं असल्याने त्या कापणार नाहीत.

२४ जून

अंतिम कार्ड:

"ऑम्फलॉस. नाम. अनेकवचन ऑम्फलॉय. नाभिस्थान; एखाद्या समूहाला जगाचं मूळ वाटणारी जागा किंवा वस्तू. भौमितिक मध्य या अर्थी वापरू नये. ग्रीकमध्ये बेंबी, ढालीचं टेंगूळ, अर्घ्याच्या वाडग्यातला फुगवटा. विशेषतः डेल्फीच्या मंदिरातला दगड, जो पृथ्वीची बेंबी मानला जाई. संस्कृत नाभि, लॅटिन उंबिलिकस, इंग्रजी नेव्हल यांचा सगोत्र. वापर: 'त्या घराण्याला आपला वाडा विश्वाचा ऑम्फलॉस वाटे.' पाहा: बेंबीच्या देठापासून."

पाठवलं. एकूण वेळ: २० मिनिटं अधिक तीन आठवडे.

एक काम वाढलं. गेल्या महिन्यात मंजूर झालेलं 'एक्सेंट्रिक'चं कार्ड काढून पाहिलं. त्यावर माझ्याच अक्षरात आहे: "विकेंद्री, यातला 'केंद्र' अस्सल संस्कृत." परत मागवलंय.